कॅमेऱ्याची बॅग घरी आली की रिकामी करा

महाराष्ट्रात कॅमेऱ्याची काळजी वाटायला लागते ती जूनमध्ये. इथे आडुतुरैमध्ये ती वेळ ऑक्टोबरची. कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर तिरुविडैमरुदूरनंतर आमचं हे गाव लागतं. चहूबाजूंनी भातशेती, कालवे आणि कावेरीचं पाणी. मेट्टूर धरणातून पाणी सोडायचा परंपरेचा दिवस १२ जून. तिथून पुढे शिवारात पाणी उभं राहतं आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो. घरातलं मीठ ओलं होतं, पापड मऊ पडतात, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी दिसते. त्याच कपाटात, वरच्या खणात, बॅगेत नीट गुंडाळून ठेवलेला कॅमेराही असतो. तो मात्र कुणी उघडून बघत नाही.

बघत नाही, कारण तेव्हा त्याचं काम नसतं. तमिळ पंचांगात ऐप्पसी आणि कार्तिगै हे लग्नांचे महिने, आणि नेमके हेच भर पावसाचे. मग डिसेंबरच्या मध्यापासून मार्गळी लागतो. त्या महिन्यात लग्नं होत नाहीत. म्हणजे लग्नांचे फोटो काढणाऱ्या एखाद्या मुलाची बॅग कार्तिगैच्या शेवटच्या मुहूर्तावर, मंडपाच्या ताडपत्रीखाली, थोडी भिजते. तशीच घरी येते, साखळ्या लावल्या जातात आणि महिनाभर कोपऱ्यात बसते. जानेवारीच्या मध्याला तै महिना उजाडला की पहिल्या लग्नाच्या आदल्या रात्री ती उघडते. लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात ते तेव्हा.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे दूरचं वाटेल. पण आपल्याकडचा चातुर्मास आठवून पाहा. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत, आणि या चार महिन्यांत सगळा पावसाळा येऊन जातो. घरगुती कॅमेऱ्याचंही तेच. मे महिन्याच्या सहलीवरून आलेली बॅग दिवाळीला उघडते. कॅमेरा वापरात असताना सहसा बिघडत नाही. ‘जपून ठेवलेला’ असताना बिघडतो.

बुरशीला काय हवं असतं

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. तुमच्या लेन्सवर ते आत्ताही आहेत, कितीही महागडी असली तरी. त्यांना रुजायला दमट हवा, अंधार आणि वारा नसलेली जागा लागते. खायला फार नको, बोटाचा तेलकट ठसा किंवा धुळीचा कण पुरतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर राहू लागली की धोका सुरू होतो, सत्तरच्या पुढे तर बुरशीची चंगळच. बंद बॅगेतला ओलसर फोम म्हणजे या सगळ्याची एकत्र सोय.

सुरुवातीला हे धागे काचेच्या पृष्ठभागावर असतात आणि जाणकार कारागीर लेन्स खोलून ते पुसून देऊ शकतो. पण बुरशी वाढताना आम्लं सोडते. ती काचेवरचा पातळ थर, ज्याला कोटिंग म्हणतात, तो कोरत जातात. मग बुरशी पुसली तरी तिची नक्षी मागे राहते. उजेडासमोर फोटो काढला की सगळं चित्र धुरकट, फिकं येतं. ज्याचं पोट त्या लेन्सवर आहे त्याचा हंगाम गेला, आणि ज्याच्या घरी वडिलांचा जुना कॅमेरा आहे त्याची तर बदलून आणण्याजोगी वस्तूच नव्हती.

म्हणून महिन्यातून एकदा लेन्स तपासावी. दोन्ही झाकणं काढा, छिद्र पूर्ण उघडं ठेवा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा. धुळीचे दोन-चार कण दिसतील, ते सगळ्याच लेन्समध्ये असतात, घाबरू नका. फांद्या फुटलेले बारीक धागे किंवा कापसासारखा ठिपका दिसला तर ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी करा आणि लवकरात लवकर दुरुस्तीला द्या. घरी खोलायला बसू नका. जुनी लेन्स विकत घेतानाही ही टॉर्चची परीक्षा दुकानातच करून घ्यावी.

तांदळाच्या गावात तांदळाचा उपाय

कॅमेरा किंवा फोन ओला झाला की तांदळात ठेवा, हा सल्ला देशभर मिळतो. आमच्याकडे तर तांदूळच तांदूळ. आडुतुरैची ओळखच भातसंशोधन केंद्राची आहे. ते १९२२ मध्ये सुरू झालं आणि इथे निघालेल्या भाताच्या जाती आजही ‘एडीटी’ या नावाने ओळखल्या जातात. त्यामुळे तांदूळ आणि ओलावा यांचं नातं इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. सरकारी खरेदी केंद्रावर भातात १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा निघाला की पोती अडतात. पावसात कापणी सापडली की ही मर्यादा वाढवून द्या अशी मागणी कावेरीच्या खोऱ्यातून पुन्हा पुन्हा होते. भात रस्त्यावर पसरून वाळवताना तुम्ही इकडे आलात तर हमखास बघाल.

आता गंमत अशी की चांगला वाळलेला, साठवणीचा तांदूळ म्हणजे तेरा-चौदा टक्के ओलाव्याचा तांदूळ. अशा तांदळाच्या डब्यातली हवा साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. म्हणजे ज्या हवेपासून कॅमेरा वाचवायचा, नेमकी तीच हवा तांदूळ त्याला देतो. वर पिठूळ भुकटी बटणांच्या फटीत जाते ती वेगळीच. तांदूळ खिचडीसाठी ठेवा.

शेतकऱ्याकडून घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. आधी वाळवायचं, मग बंद करायचं. आपल्या आया-आज्या उन्हाळ्यात कुरडया, सांडगे करतात तेव्हा हेच करतात. वाळवण पूर्ण कडकडीत झाल्याशिवाय डब्यात जात नाही, कारण हवाबंद डबा काही वाळवत नाही, आत जे असेल ते तो टिकवतो. ओलं भरलं तर ओलंच टिकतं. कॅमेऱ्याची बॅग, प्लॅस्टिकचा डबा, महागडी पेटी, सगळ्यांना हा नियम लागू आहे.

तर बाहेरून आल्यावर बॅग पूर्ण रिकामी करायची. सगळे कप्पे, सगळ्या साखळ्या उघड्या, आतले वेल्क्रोचे पडदे सैल, आणि रात्रभर पंख्याखाली. कॅमेरा आणि लेन्स कोरड्या सुती कापडाने पुसून त्याच खोलीत तासभर उघड्या हवेत. उन्हात ठेवायचा मोह होईल, पण कडक उन्हात आतलं वंगण पातळ होतं, आणि उघडी लेन्स ऊन एकवटून समोरची वस्तू जाळू शकते. मग सामान डब्यात जातं. बॅग जात नाही. बॅग रिकामी, खुंटीला टांगलेली.

डबा कसा असावा

इलेक्ट्रॉनिक ड्राय कॅबिनेट मिळतं, आतली आर्द्रता आपोआप आटोक्यात ठेवतं, वीज फारशी खात नाही. व्यावसायिक असाल आणि चार-पाच लेन्स असतील तर घ्या. पण घरगुती वापराला झाकणाला रबरी कड असलेला, कड्या लागणारा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा उत्तम चालतो. भांड्यांच्या दुकानात मिळतो. स्टीलचा नको, आतलं दिसत नाही. त्यात तीन गोष्टी लागतात: तळाला फोम किंवा जाड, स्वच्छ कापड, सिलिका जेल, आणि एक छोटा आर्द्रतामापक. हा मापक काहीशे रुपयांत येतो आणि माझ्या मते संपूर्ण सामानात सर्वांत उपयोगी खरेदी हीच आहे. कारण त्याच्याशिवाय बाकी सगळा अंदाज. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. तीसच्या खाली सतत नको, रबर आणि वंगण कोरडं पडतं. अति कोरडेपणाची चिंता कावेरीकाठी सहसा करावी लागत नाही, पण विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये ती खरी आहे. तिथे उन्हाळ्यात सिलिका काढून ठेवली तरी चालेल.

वीस लिटरच्या डब्याला दीडशे-दोनशे ग्रॅम सिलिका जेल पुरतं. नव्या चपलांच्या खोक्यातली ती चिमुकली पुडी पुरत नाही, आणि ती बहुधा आधीच ओलावा पिऊन तृप्त झालेली असते. रंग बदलणारे दाणे घ्या. निळे दाणे ओले झाले की गुलाबी होतात, केशरी दाणे हिरवट. निळ्यांमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते आरोग्याला घातक, म्हणून घरात लहान मुलं असतील तर केशरीच बरे. रंग बदलला की दाणे फेकू नका. जुन्या कढईत मंद आचेवर परतून किंवा ओव्हनमध्ये शंभर-सव्वाशे अंशांवर तापवून ते पुन्हा कोरडे होतात. कढई मात्र त्यासाठीच वेगळी ठेवायची, त्यात पुन्हा फोडणी नको. गार झाल्यावर जाळीच्या किंवा सुती पिशवीत भरून परत डब्यात.

ड्राय कॅबिनेट असलं तरी थोडी सिलिका हाताशी असू द्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये गज चक्रीवादळ आलं तेव्हा या पट्ट्यात कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. वीज गेली की कॅबिनेट म्हणजे नुसती बंद पेटी. आणि डबा असो की कॅबिनेट, जमिनीवर ठेवू नका, बाहेरच्या भिंतीला चिकटवूनही नको. ओल तिथूनच येते.

आता आपल्या घरांतली एक सवय. कपाटात काही जपायचं म्हटलं की हात डांबरगोळ्यांकडे जातो, नाहीतर कापराकडे. कॅमेऱ्याच्या बाबतीत दोन्ही वर्ज्य. कॅमेरा कंपन्यांच्या पुस्तिकांमध्येही ही सूचना असते, पण ती पुस्तिका वाचतो कोण? त्यांची वाफ प्लॅस्टिकला आणि लेन्सच्या थराला त्रास देते. इथून जवळच, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात, सरफोजीराजांनी वाढवलेल्या त्या ग्रंथसंग्रहात, वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी अशा जिनसांच्या भुकटीच्या पुरचुंड्या पोथ्यांजवळ ठेवायची जुनी पद्धत आहे. ती किड्यांसाठी आहे आणि पोथ्यांसाठी योग्यच आहे. पण वेखंडाने हवेतला ओलावा कमी होत नाही, आणि भुकटी लेन्सजवळ नकोच. प्रत्येक वस्तूचा शत्रू वेगळा.

चामड्याच्या जुन्या खोळीबद्दलही सांगायला हवं. आजोबांच्या काळातला फिल्म कॅमेरा बहुतेक घरांत त्याच्या मूळ चामडी खोळीत असतो, आणि ती खोळच त्याला खाते. चामडं ओलावा धरतं आणि बुरशीला ते आवडतं. खोळ आठवण म्हणून वेगळी ठेवा, कॅमेरा डब्यात. आतले सेल काढले आहेत ना, हेही बघा, गळलेला सेल संपर्कपट्ट्या कुरतडतो. फ्लॅशमध्ये पेन्सिल सेल घालून विसरणं तर घरोघरी चालतं. सोबत फिल्मच्या निगेटिव्ह असतील आणि त्यांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर त्या कुजू लागल्या आहेत. लगेच बाकीच्यांपासून वेगळ्या करून आधी त्यांचं स्कॅनिंग करून घ्या.

बॅग ही निघण्यासाठी

१८५८ मध्ये, तंजावरचे शेवटचे मराठा राजे शिवाजी वारल्यानंतर तीनच वर्षांनी, मद्रास सरकारचा छायाचित्रकार लिनियस ट्राइप याने बृहदीश्वर मंदिराचे फोटो काढले. त्याचं सामान बैलगाड्यांतून चालायचं. मोठा लाकडी कॅमेरा, रसायनं, कागदी निगेटिव्ह. मंदिराच्या पायथ्याचे शिलालेख त्याने २१ छायाचित्रं जोडून जवळपास १९ फूट लांबीच्या एकाच पट्ट्यात उतरवले. मेण लावलेल्या कागदाच्या निगेटिव्हचा फायदा असा की त्या आधी तयार करून बरोबर नेता येत. काय घरी उरकायचं आणि काय गाडीत घ्यायचं, हा हिशोब तेव्हाही होता.

आज तो हिशोब खांद्यावर आला आहे. तंजावर, दारासुरम, गंगैकोंडचोळपुरम ही मंदिरं बघायला महाराष्ट्रातून कितीतरी कुटुंबं येतात, आणि बहुतेकांच्या पाठीवर नको तितकं सामान असतं. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, म्हणजे तो घरीच राहू द्या. गाभाऱ्यात कॅमेरा चालत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने राज्यातल्या मंदिरांत मोबाइलबंदीचा आदेश दिला, त्यामुळे बऱ्याच मंदिरांत वस्तू दारात जमा कराव्या लागतात. चपला काढा, फोन द्या, कॅमेऱ्याचं विचारा. अशा वेळी एका हातात मावणारी, एकाच साखळीने बंद होणारी बॅग बरी. एक कॅमेरा, लावलेली एक लेन्स, फार तर दुसरी एक. देवळात अंधार असतो म्हणून दुसरी घ्यायचीच तर मोठ्या छिद्राची, लहानशी.

बॅगेतली मांडणी स्वयंपाकघरासारखी असते. रोज लागणारं हाताशी, सणाचं मागे. कॅमेरा लेन्स लावूनच, पकड वरच्या बाजूला, म्हणजे एका झटक्यात हातात येतो. जड वस्तू पाठीच्या बाजूला. प्रत्येक लेन्सला स्वतःचा कप्पा, दोन लेन्स एकमेकींना घासता कामा नयेत. चार्जर आणि वायरी वेगळ्या छोट्या पिशवीत, नाहीतर त्यांचा गुंता होऊन सगळ्यात वर तेच येतं. धूळ उडवायचा रबरी फुगा, एक मऊ कापड, पावसाचं आवरण, आणि साखळीच्या दोन प्लॅस्टिक पिशव्या. आणखी काही सुचत असेल तर गेल्या तीन वेळा ते वापरलं का, ते आठवा.

प्लॅस्टिक पिशव्या कशासाठी ते सांगते. कुंभकोणमच्या हॉटेलात रात्रभर एसी चोवीसवर असतो. पहाटे बाहेर पडलात आणि लेन्सवर वाफ धरली, हे इथे नेहमीचं. बाहेर तीस अंश आणि ऐंशी टक्के आर्द्रता असेल तर सव्वीस अंशांहून थंड कुठल्याही वस्तूवर दव जमतं, आणि तुमचा कॅमेरा चोवीसवर आहे. पुसून उपयोग नाही, पुन्हा जमतं, आणि आतही जमलेलं असू शकतं. निघण्याआधी खोलीतच कॅमेरा पिशवीत घालून तोंड बंद करा आणि बाहेर अर्धा तास तसाच राहू द्या. दव पिशवीवर जमेल. तोवर एक डिग्री कॉफी होते.

बॅटरी आणि कार्ड

बॅटऱ्यांवर आकडे लिहा, १, २, ३. भरलेल्या बॅटरीला रबरबँड, संपली की रबरबँड काढायचा. लग्नाच्या गर्दीत हे चार्जिंगच्या दिव्यापेक्षा भरवशाचं आहे. महिनाभर वापरणार नसाल तर बॅटरी कॅमेऱ्यातून काढून अर्धी भरलेली ठेवा, पूर्ण भरून किंवा पूर्ण संपवून ठेवल्याने ती लवकर म्हातारी होते. विमानात सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, त्यांची टोकं झाकून.

मेमरी कार्डांची डबी लहान असते, पण सगळ्यात मौल्यवान तीच. लेन्स पुन्हा घेता येते, मुलीच्या लग्नातला तो क्षण पुन्हा घेता येत नाही. रिकामं कार्ड नाव वर करून, भरलेलं उलटं, एवढी खूण पुरे. पण कार्ड म्हणजे साठवण नव्हे. घरी आल्यावर बॅग वाळत असताना फोटो उतरवून घ्यायचे. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची म्हणजे क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावातल्या बहिणीकडे ठेवलेल्या हार्ड डिस्कवर. घरातली हार्ड डिस्कही त्याच कोरड्या डब्यात बसते. दोन प्रती झाल्याची खात्री होईपर्यंत कार्ड पुसायचं नाही, कितीही घाई असली तरी.

जाता जाता, सगळ्या वस्तूंच्या अनुक्रमांकांचा आणि पावत्यांचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवा. चोरी झाली किंवा विम्याचा दावा करायची वेळ आली तर पोलीस आणि विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारतात.

या सगळ्याला मुहूर्त हवाच असेल तर तो आपल्या पंचांगात आहे. नवरात्रात नवमीला तमिळनाडूत आयुधपूजा असते, आपल्याकडे खंडेनवमी. रिक्षापासून शिवणयंत्रापर्यंत सगळी हत्यारं त्या दिवशी धुऊन-पुसून मांडली जातात, स्टुडिओतले कॅमेरेही पाटावर येतात. कावेरीकाठी हा दिवस ईशान्य पावसाच्या तोंडावर येतो. बॅग झटकायला, सिलिका परतायला, टॉर्च मारून लेन्स बघायला, मापकाचा सेल बदलायला याहून सोयीचा दिवस नाही. महाराष्ट्रात पाऊस तेव्हा ओसरत असतो, म्हणून तिथे आणखी एक फेरी आषाढीच्या आधी करावी. पूजेला कॅमेरा ठेवाल तेव्हा हळद-कुंकू आणि विभूती डब्याच्या झाकणावर वाहा, कॅमेऱ्याला फूल पुरे. आणि कापूर जरा लांबच लावा.